एकच विनंती, वेगवेगळा भार: जपानमधले २०२०

भारतात २५ मार्च २०२० पासून सक्तीची टाळेबंदी होती. जपानमध्ये तशी सक्ती नव्हती. ७ एप्रिलला तोक्यो, ओसाकासह सात प्रांतांत आणीबाणी जाहीर झाली, १६ एप्रिलला ती देशभर लागू झाली आणि २५ मे रोजी पूर्णपणे उठली. बाहेर पडल्यास दंड नव्हता. सरकारची विनंती होती ‘जिशुकु’ची, म्हणजे स्वतःहून संयम पाळण्याची. विनंती सर्वांना सारखीच होती, पण तिचा भार सारखा पडला का?

आता हे आकडे पाहा. जपानमध्ये २०१९ साली २०,१६९ आत्महत्या झाल्या, तर २०२० मध्ये २१,०८१. वाढ ९१२, म्हणजे साधारण साडेचार टक्के. इथेच थांबलात तर खरी गोष्ट निसटेल. हीच बेरीज फोडून पाहा: पुरुषांचा आकडा २३ ने घटला आणि स्त्रियांचा ९३५ ने वाढून ७,०२६ झाला, म्हणजे सुमारे १५ टक्के वाढ. सगळी वाढ स्त्रियांचीच!

असे का झाले? प्रत्येक मृत्यूमागची कारणे अनेक असतात, त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. पण परिस्थिती पाहा. जपानमधल्या नोकरदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक अर्धवेळ किंवा कंत्राटी कामावर असतात. हॉटेले, दुकाने बंद पडली तेव्हा पहिली कुऱ्हाड याच कामांवर कोसळली. मार्चपासून शाळाही बंद होत्या, म्हणजे घरचे काम वाढले.

‘घरी राहा’ म्हणताना घर आहे हे गृहीत धरलेले असते. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार तोक्योत रोज सुमारे ४,००० बेघर माणसे नेट कॅफेत रात्र काढत होती. २०२० मध्ये ते कॅफेही बंद ठेवायला सांगितले गेले.

मदतीचेही तसेच. प्रत्येक रहिवाशाला, नोंदणी असलेल्या परदेशी माणसालाही, १ लाख येन मिळाले. पण रक्कम कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जायची. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलेल्या बाईसाठी वेगळी सोय करावी लागली.

तुम्ही राहता त्या देशातले साथीचे आकडे वाचताना एवढे कराच: एकूण आकडा स्त्री-पुरुष, वय, नोकरीचा प्रकार आणि घर यांनुसार फोडून मागा. विषमता बेरजेत दिसत नाही, फोडीत दिसते. आणि तुमच्या ओळखीत कुणी खचलेले असेल, तर आजच फोन करा. त्यांना डॉक्टरांपर्यंत किंवा स्थानिक मदतवाहिनीपर्यंत पोहोचवा.