परक्या प्रयोगशाळेतील नवखा

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन एखादे उपकरण त्याचे नाव न घेता मागून पाहा. ‘ते काचेचे, वर रुंद, खाली निमुळते’ असे सांगता सांगता तुमची त्रेधा उडेल. आता देश परका, भाषाही परकी अशी कल्पना करा. सप्टेंबर १९११ मध्ये डेन्मार्कहून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आलेल्या नील्स बोर या तरुणाची हीच स्थिती झाली होती. येथे इतका गोंधळ आहे, की न सापडणाऱ्या वस्तूंची नावेसुद्धा ठाऊक नसलेल्या परदेशी माणसाचे फार हाल होतात, अशा अर्थाचे त्याने पत्रातून कळवले.

बोर तेव्हा पंचविशीत होता. धातूंतील इलेक्ट्रॉनांवर प्रबंध लिहून त्याने त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली होती. इलेक्ट्रॉनचे शोधक जे. जे. थॉमसन तो वाचतील या आशेने त्याने एका मित्राच्या मदतीने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पण विद्युत्भाराला डॅनिश भाषेत जो शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ ओझे. भाषांतरात नेमका ओझ्याचा शब्द उतरला! (आपल्या ‘भार’ शब्दाचीही तीच गत आहे, म्हणून हसण्यापूर्वी विचार करावा.) शिवाय पहिल्याच भेटीत बोरने मोडक्यातोडक्या इंग्रजीत थॉमसन यांच्याच लेखनातील चुकांकडे बोट दाखवले. थॉमसन रागावले नाहीत. पण टेबलावरील कागदांच्या ढिगात तो प्रबंध न वाचताच पडून राहिला.

बोरला ऋणाग्र किरणांवरचा एक प्रयोग देण्यात आला. त्यासाठी काच फुंकून नळ्या बनवण्यात दिवस जात, आणि हाती काहीच लागत नसे. संध्याकाळी तो शब्दकोश जवळ घेऊन डिकन्सच्या कादंबऱ्या वाची व भाषा सुधारी. फुटबॉलही खेळे.

मार्च १९१२ मध्ये तो मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे गेला. अणूच्या मध्यभागी सूक्ष्म, जड केंद्रक असते, हे त्यांनी आदल्याच वर्षी मांडले होते. तेथे नवख्यांना एकदम संशोधनात लोटत नसत. प्रथम काही आठवडे किरणोत्सर्ग मोजण्याच्या पद्धती शिकाव्या लागत. शिकवणाऱ्यांत गायगर आणि मार्सडेन होते. दुपारच्या चहाला सारे एकत्र जमत आणि कोणीही काहीही विचारू शके. माझ्या मते बोरला खरी गरज या चहाचीच होती. तेथेच त्याची जॉर्ज हेवेशी या हंगेरियन रसायनज्ञाशी मैत्री झाली.

पुढे त्याला ॲल्युमिनियममध्ये अल्फा कण किती शोषले जातात, हे मोजण्याचे काम मिळाले. जूनमध्ये काही दिवस रेडियम मिळणार नव्हते, म्हणून घरीच बसून गणित करण्याची परवानगी त्याने मागितली. चार्ल्स डार्विन यांच्या नातवाचा, सी. जी. डार्विन यांचा, याच विषयावरील निबंध त्याने वाचला होता. त्यात अणूतील इलेक्ट्रॉन मोकळे धरले होते. बोरने ते केंद्रकाशी बांधलेले धरले. झोपाळ्याला झटकन धक्का दिला, तर तो हलू लागतो. पण तोच जोर अनेक झोक्यांइतका वेळ घेऊन हळूहळू लावला व तसाच हळूहळू काढला, तर झोपाळा जवळजवळ स्थिरच राहतो. बांधलेल्या इलेक्ट्रॉनचेही तसेच. जवळून जाणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा त्याने किती घ्यावी, हे त्याच्या आंदोलनकालावर अवलंबून असते.

हे इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती टिकतात तरी कसे, हा प्रश्न मग ओघानेच आला. जुलैत बोरने आपले विचार लिहून रदरफर्ड यांच्यापुढे ठेवले आणि तो मायदेशी परतला. १९१३ मध्ये त्याचे अणुरचनेवरील तीन निबंध प्रसिद्ध झाले; १९२२ चे नोबेल पारितोषिक त्याला याच कार्यासाठी मिळाले.

१९२१ मध्ये कोपनहेगन येथे बोरची स्वतःची संस्था उघडली, आणि देशोदेशींचे तरुण तेथे येऊ लागले. मँचेस्टरचा मित्र हेवेशीही आला. त्याने डर्क कोस्टर या डच सहकाऱ्याबरोबर तेथे ७२ व्या मूलद्रव्याचा शोध लावला. १९२३ मध्ये जाहीर झालेल्या या मूलद्रव्याला दोघा परदेशी संशोधकांनी नाव दिले हाफ्नियम. ‘हाफ्निया’ हे कोपनहेगनचे लॅटिन नाव.