रूळ कोठें मिळतात? यथादर्शन चित्रकलेचा एक पाठ

महाराष्ट्रांतील शाळांतून पुष्कळ मुलें एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांस बसतात. समोर मांडलेल्या वस्तूचें चित्र काढावयाचें असतें. घागर, पेटी, एखादें पुस्तक. घागर कशीबशी साधते, पण पेटीपाशीं खेड्यांतील मुलें अडतात, आणि ‘आपल्या हातांत चित्रकला नाहीं’ असें म्हणून पेन्सिल ठेवून देतात. घरचीं माणसेंही तें खरें मानतात. याचें आम्हांस वाईट वाटतें, कारण उणीव हातांत नसते. पेटीविषयीं मुलास जें ठाऊक आहे तें तो काढतो. जें दिसतें तें काढावयास त्यास कोणी शिकविलेलें नसतें. हा भेद उपदेशक बंधूंनीं व शिक्षक भगिनींनीं समजून घेतला तर कित्येक मुलांची पेन्सिल पुन्हां हातांत येईल. ज्या विद्येनें हा भेद कळतो तिला यथादर्शन म्हणतात.

उमरेडकरांस आगगाडीच्या रुळांचा दाखला पुरे आहे. नागपूर ते नागभीड ही लहान गाडी इ. स. १९०८ सालीं सुरू झाली आणि मार्ग रुंद करण्यासाठीं २०१९ सालीं बंद झाली. जुन्या दोन रुळांमध्यें अंतर अडीच फूट होतें. रुंद मार्गावर तें साडेपांच फूट असतें. अंतर कितीही असो, फाटकाशीं उभें राहून दूरवर पाहिलें असतां दोन्ही रूळ जवळ जवळ येऊन एका बिंदूंत मिळाल्यासारखे दिसतात. एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस विचारलें, “रूळ खरेच मिळाले असते तर गाडी चालली असती काय? मग ते मिळालेले काढणें हें खोटें नव्हे काय?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. आमचें उत्तर असें, कीं चित्र हें साक्षीदारासारखें आहे. रूळ कसे आहेत हें तें सांगत नाहीं. मी अमुक ठिकाणीं उभा होतों व तेथून मला हें दिसलें, एवढीच त्याची साक्ष. त्याच फाटकापाशीं उभें राहून जो रूळ शेवटपर्यंत सारख्या अंतरावर काढील तोच न पाहिलेलें सांगतो.

आतां मर्माची गोष्ट. पावसाळा सरल्यावर मोकळ्या शेताच्या बांधावर उभे राहा. जमीन व आकाश जेथें भेटतात ती क्षितिजरेषा नेमकी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. तुम्ही खालीं बसा, तीही बसते. राखणीच्या मचाणावर चढा, तीही चढते. म्हणून चित्राच्या आरंभीं प्रथम हीच रेषा आंखावी. डोळ्याहून उंच असलेल्या, आपणांपासून दूर जाणाऱ्या आडव्या रेषा, जशी घराची वळचण, दूर जातां जातां या रेषेकडे उतरतात. डोळ्याहून खालच्या, जशी जोत्याची कड किंवा बाजेची कड, तिच्याकडे चढतात. एकमेकींस समांतर असतील त्या सर्व तिच्यावर एकाच ठिकाणीं मिळतात. त्या ठिकाणास लोपबिंदु म्हणूं. घराचा कोपरा आपल्या समोर असेल तर दोन भिंती दोन दिशांस जातात, म्हणून लोपबिंदूही दोन, आणि पुष्कळदां ते कागदाच्या बाहेर पडतात. कागद लहान म्हणून त्यांस आंत ओढूं नये. घर चेंगरल्यासारखें दिसूं लागतें. त्यापेक्षां कागदाच्या शेजारीं आणखी एक कागद चिकटवावा. उभ्या रेषा, म्हणजे दाराच्या चौकटी, खांब, कोपरे, उभ्याच ठेवाव्या.

हें आमच्या शब्दावर मानूं नका. काचेच्या खिडकीसमोर बसा, हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, एक डोळा मिटा, आणि बाहेर जें दिसेल तें साबणाच्या वडीच्या कोपऱ्यानें काचेवरच गिरवा. डोकें मात्र हलूं देऊं नये. पांच मिनिटांत समोरच्या घराची वळचण तिरपी झालेली सांपडेल, आणि पाहणाऱ्यास नवल वाटेल कीं आजवर ही आपणांस दिसली कशी नाहीं! काच नसेल तर लांकडी चौकटीस उभे आडवे दोरे ताणून चौकोन पाडावे व कागदावरही तितकेच चौकोन आंखावे. इटलींतील आल्बर्टी नामक विद्वानानें १४३५ सालच्या आपल्या ग्रंथांत अशाच सुतांच्या पडद्याची शिफारस केली आहे. उमरेडासारख्या हातमागाची जुनी ओळख असलेल्या गांवांत ताणे-बाणे निराळे समजावून सांगावे लागणार नाहींत.

घागरीचें तोंड वाटोळें आहे हें सर्वांस ठाऊक. म्हणून मूल तें वाटोळेंच काढतें, आणि बूड मात्र सरळ रेघेनें संपवितें, कारण घागर सपाट जमिनीवर ठेवलेली आहे हेंही त्यास ठाऊक असतें. घागर डोळ्याच्या उंचीस धरा: तोंडाची नुसती आडवी रेघ दिसेल. हळूहळू खालीं न्या: रेघ उघडून लांबट होते, मग अधिक फुगते. एका सरळ डब्याचें तोंड व बूड दोन्ही डोळ्याखालीं असतील तर बूड अधिक खालीं, म्हणून त्याची वक्रता तोंडाहून जास्त. हें एक ध्यानांत ठेवलें तर चित्रांतला डबा जमिनीवर बसतो, नाहीं तर लोंबकळतो.

विजेच्या खांबांची ओळ काढण्याची एक युक्ति आहे. पहिल्या खांबाचें टोंक, मध्य व पाया यांपासून लोपबिंदूकडे तीन रेषा न्या. दुसरा खांब अंदाजानें उभा करा. आतां पहिल्याच्या टोंकापासून दुसऱ्याच्या मध्यांतून रेषा काढून खालच्या रेषेस मिळवा; जेथें मिळेल तेथें तिसऱ्याचा पाया. असेंच पुढें.

ही रीत पद्धतशीर बसविली ती पंधराव्या शतकाच्या आरंभीं फ्लॉरेन्स शहरांत ब्रुनेलेस्की या शिल्पकारानें. तेथील बाप्तिस्मागृहाचें चित्र काढून त्यानें त्यास एक छिद्र पाडलें, व पाठीमागून छिद्राला डोळा लावून समोरच्या आरशांत तें पाहावयास लोकांस लाविलें. मिलान येथील लिओनार्दोचें प्रभुभोजनाचें भित्तिचित्र (सुमारें १४९५ ते १४९८) आमच्या पुष्कळ घरांत छापील रूपानें टांगलेलें असतें. त्याच्या छताच्या रेषांवर पट्टी ठेवून पाहा. त्या प्रभूच्या मस्तकाशीं मिळतात. मूळ भिंतीवर त्या जागीं खिळ्याचें भोंकही सांपडलें आहे. बाजारी नकलांत मात्र रेषा जुळतीलच असें नाहीं.

मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली व पुढें ही रीत आपल्याकडे रुळली. तिलाच एकमेव खरी रीत समजणें आम्हांस पटत नाहीं. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं मंडप, खांब व माणसें एकाच लोपबिंदूस बांधलीं नाहींत, तरी तीं चित्रें पाहून याच कलाशाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनीं १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षें त्यांच्या नकला करविल्या.

आतां मंडळ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट. सपाट जमिनीवर आपण उभे असूं तर आपल्याएवढ्या उंचीच्या सर्व उभ्या माणसांचे डोळे, माणूस जवळ असो वा दूर, क्षितिजरेषेवरच येतात. भिंतीवरही ती रेषा जमिनीपासून सुमारें पांच फुटांवर पडते. त्या मापानें भिंत तिप्पट असेल तर ती पंधरा फूट उंच. एका मंडळीस नव्या मंदिराचें सुरेख रंगीत चित्र दाखविण्यांत आलें. दारापुढचीं माणसें इतकीं लहान काढलीं होतीं, कीं मंदिर गगनास भिडलेलें वाटावें. वर्गणी भराभर जमली. बांधून झाल्यावर लोक म्हणूं लागले, “एवढेंसेंच काय?” कागदपत्रांत लिहिलेल्या मापाप्रमाणेंच काम झालें होतें, पण मजुरी करून पैसे दिलेल्यांच्या मनांतील अढी अजून गेलेली नाहीं. मागच्या माणसांचीं डोकीं रेषेवर व दाराशीं उभ्या असलेल्यांचीं पुष्कळ खालीं, हें पट्टी लावून कोणी पाहिलें असतें तर पहिल्याच दिवशीं उलगडा झाला असता. असें चित्र आलें म्हणजे प्रथम डोकीं तपासावीं, मग गवंड्याचा नकाशा मागावा. नकाशांत सर्व अंतरें एकाच प्रमाणांत असतात. यथादर्शन चित्रावरून टेप लावून विटा मोजतां येत नाहींत.

पुढील आठवड्यांत मुलांकडून हें करवून घ्यावें: अंगणांत बाज टाकून ती तीन वेळां काढावी, एकदां जमिनीवर बसून, एकदां उभें राहून, एकदां ओट्यावरून. चारही पाय कागदावर सारख्या लांबीचे आले तर खोडरबर देऊं नये. मुलास पुन्हां खिडकीपाशीं न्यावें.