वाणाचा हक्क, नावाचा हक्क आणि कराराचा कागद

शेतकऱ्याची मालमत्ता म्हटली की जमीन, विहीर, जनावरे, गुऱ्हाळ आणि उभे पीक एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु या दृश्य संपत्तीखेरीज शेतकऱ्याजवळ आणखी एक संपत्ती असते. पिढ्यान्‌पिढ्या निवडून जतन केलेले बियाणे आणि एखाद्या मुलखाच्या मालाने बाजारात मिळविलेला नावलौकिक, ही ती संपत्ती होय. कायद्याच्या भाषेत तिला बौद्धिक संपदा म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर कोल्हापुरी गूळ आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ ही तिची ठळक उदाहरणे होत.

जमिनीचा सात-बारा उतारा आपण जपून ठेवतो. या दुसऱ्या संपत्तीच्या कागदांविषयी मात्र आपण उदासीन असतो. बीजोत्पादनाच्या करारावर न वाचता सही केली जाते, त्याची प्रत मागून घेतली जात नाही, आणि माल नाकारला गेला म्हणजे धावपळ सुरू होते. हक्क कायद्याने मिळतो, पण तो शाबीत होतो कागदाने. ही गोष्ट व्यवहारात कशी आणावी, याचा विचार या लेखात केला आहे.

एक बोलके उदाहरण

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी कै. दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या भाताच्या शेतात काही निराळ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, दरवर्षी निवड करीत त्यांचे बी वाढविले आणि बारीक दाण्याचा एक उत्तम वाण सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून तो ‘एचएमटी’ या नावाने दूरवर पसरला. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने प्रयोगासाठी त्यांच्याकडून ५ किलो बियाणे नेले. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. मूळ निवड करणाऱ्यास श्रेय कितपत मिळाले, हा प्रश्न त्यानंतर अनेक वर्षे गाजत राहिला. खोब्रागडे यांचे २०१८ मध्ये निधन झाले.

त्या वेळी शेतकऱ्यास वाणाचा हक्क देणारा कायदाच आपल्या देशात नव्हता. आज तो आहे. तथापि बियाणे कोणी दिले, कोणास दिले, किती दिले आणि कोणत्या हेतूने दिले, एवढ्या चार गोष्टी लिहिलेला आणि दोन्ही बाजूंनी सही केलेला कागद नसेल, तर आजही तीच अडचण उभी राहील.

वाणाचा हक्क

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये संमत झाला. त्यातील पुढील तरतुदी प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवाव्यात.

(१) नवीन वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्यास तो आपल्या नावे नोंदविता येतो. नोंदणीचा हक्क बहुतेक पिकांसाठी १५ वर्षे, तर वृक्ष व वेलवर्गीय पिकांसाठी १८ वर्षे टिकतो. नवीन वाणाचे बियाणे देशात विकण्यास सुरुवात होऊन एक वर्ष उलटले की त्याचे नावीन्य संपते, म्हणून अर्जास विलंब करू नये.

(२) संरक्षित वाणाचेही पीक घेणे, त्याचे बियाणे राखून ठेवणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्यास देणे अथवा विकणे हा शेतकऱ्याचा हक्क कलम ३९ अन्वये अबाधित आहे. मात्र त्या वाणाच्या नावाची छापील खूणचिठ्ठी लावून, पिशवीबंद स्वरूपात ते बियाणे विकता येत नाही.

(३) वाणापासून कोणत्या परिस्थितीत किती उत्पन्न अपेक्षित आहे, हे हक्कदाराने जाहीर केले पाहिजे. त्याप्रमाणे फळ न मिळाल्यास शेतकऱ्यास भरपाई मागता येते.

(४) दुसऱ्याच्या हक्काची माहिती नसताना शेतकऱ्याकडून तो मोडला गेला, तर तो हक्कभंग समजला जात नाही. तसेच या कायद्याखालील कामकाजात शेतकऱ्यास शुल्क माफ आहे.

या तरतुदी केवळ पुस्तकी नाहीत, हे गुजरातमधील बटाट्याच्या प्रकरणावरून दिसून येते. पेप्सिको कंपनीने एफएल २०२७ हा बटाट्याचा वाण २०१६ मध्ये नोंदविला होता. कंपनीशी करार नसलेल्या शेतकऱ्यांनी तो लावला म्हणून २०१९ मध्ये कंपनीने त्यांच्यावर दावे लावले आणि काहींकडून प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली. देशभर कलम ३९ ची चर्चा झाली आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. त्यानंतर नोंदणीविषयीच वाद झाला. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम केला, परंतु जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो फिरविला. यातून बोध असा की, शेतकऱ्याचा हक्क बळकट आहे. पण कंपनीचा हक्कही पोकळ नाही. आपण कोठे उभे आहोत हे प्रत्येकाने आधी जाणून घेतले पाहिजे.

नावाचा हक्क

वाणाचा हक्क एका व्यक्तीचा अथवा संस्थेचा असू शकतो. मुलखाच्या नावाचा हक्क मात्र तेथील सर्व उत्पादकांचा असतो. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याखाली कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये व आजरा घनसाळ तांदळास २०१६ मध्ये नोंदणी मिळाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गावात घनसाळ पिकतो म्हणून प्रत्येक शेतकऱ्यास नोंदणीचे चिन्ह आपोआप वापरता येते असे नाही. त्यासाठी त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव नोंदविले पाहिजे. नावाचा गैरवापर करणाऱ्यावर दावा लावण्याचा अधिकारही नोंदणीधारकास व अधिकृत वापरकर्त्यासच प्राप्त होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वाणाचा हक्क कराराने दुसऱ्यास देता येतो. भौगोलिक निर्देशनाचा हक्क मात्र विकता, गहाण ठेवता अथवा परवान्याने देता येत नाही, असे कलम २४ स्पष्ट सांगते. “तुमचे मानांकन आमच्या नावे करून द्या” असा कागद कोणी पुढे केल्यास त्यास कायद्याचा आधार नाही, हे ओळखावे. व्यापाऱ्यास माल विकावा, नाव विकू नये.

कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणातही हेच दिसून आले. तिची नोंदणी २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे झाली. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी धाटणीच्या चपला प्रदर्शित केल्या, तेव्हा मोठा गहजब झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, पण याचिकाकर्ते स्वतः नोंदणीधारक नसल्याने जुलैमध्ये ती फेटाळली गेली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी कंपनीचा करार झाला. ज्याच्या नावे नोंदणी, त्याच्याशीच बोलणी, हा या प्रकरणाचा धडा होय.

सही करण्यापूर्वी

बीजोत्पादनाच्या करारात कंपनीने दिलेले मूळ बियाणे ही तिची ठेव असते. ते राखून ठेवणे अथवा बाहेर विकणे हा करारभंग ठरू शकतो. बाजारभाव चढला म्हणून ठरलेला माल दुसऱ्यास घालणे हाही करारभंगच होय. म्हणून आपली जबाबदारी आधी वाचावी व नंतर पुढील बाबी पाहाव्यात.

(१) करार मराठीत आहे काय? नसल्यास त्याचा अर्थ जाणकाराकडून समजून घ्यावा. कोऱ्या कागदावर कदापि सही करू नये.

(२) वाणाचे नाव, मूळ बियाण्याचा गट क्रमांक, क्षेत्र व गट नंबर लिहिला आहे काय?

(३) दर निश्चित आहे, की बाजारभावाशी निगडित आहे? तसे असल्यास कोणत्या बाजाराचा व कोणत्या दिवसाचा भाव धरावयाचा? पैसे किती दिवसांत मिळणार व विलंबास व्याज किती?

(४) माल नाकारण्याची कारणे कोणती व तपासणी कोण करणार? प्रमाणित सोयाबीन बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्ती लागते. सोयाबीनचे टरफल नाजूक असल्याने मळणीत जसा मार बसतो, तसाच तो नंतरच्या हाताळणीत व साठवणीतही बसतो. उगवण कंपनीच्या गोदामात घटली तर दोष कोणाचा, हा तंटा ठरलेलाच असतो. यास्तव माल देतेवेळीच ओलावा मोजून तीन मोहोरबंद नमुने काढावेत, व त्यांपैकी एक आपल्याजवळ ठेवावा, अशी अट करारात घालून घ्यावी.

(५) पाऊस, गारपीट वा पूर आल्यास नुकसान कोणी सोसावयाचे?

(६) तंटा कोठे चालणार? दूरच्या शहरातील न्यायालय अथवा लवाद लिहिला असल्यास कोल्हापूरचा आग्रह धरावा.

(७) कायद्याने दिलेला एखादा हक्क या सहीने आपणच सोडून देत नाही ना, हे वकिलास अवश्य विचारावे.

करार योग्य किमतीच्या मुद्रांकावर असावा, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात, आणि एक प्रत त्याच दिवशी घरी आणावी.

करारभंग झाल्यास

प्रथम पुरावा राखावा. बियाण्याची पिशवी, खूणचिठ्ठी, पावत्या, माल दिल्याची पोच व पिकाची छायाचित्रे एकत्र ठेवावीत. बियाणे उगवले नाही तर शेत मोडण्यापूर्वीच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पंचनामा करवून घ्यावा. नांगर फिरल्यानंतर केलेल्या तक्रारीस फारसे बळ राहत नाही. त्यानंतर दुसऱ्या बाजूस लेखी नोटीस पाठवावी व तिची पोच जपावी.

भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे करारभंगामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. करारात जबर दंड लिहिला असला तरी न्यायालय वाजवी रकमेपलीकडे तो देत नाही. असा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. वाणाच्या किंवा भौगोलिक निर्देशनाच्या हक्कभंगाचा दावा जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात चालत नाही.

निकृष्ट बियाण्याबाबत ग्राहक आयोगाचाही मार्ग मोकळा आहे. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असा निर्णय दिला की, बीजोत्पादनाचा करार केलेला शेतकरीही ग्राहक ठरतो, आणि करारात लवादाची अट असली तरी त्यास ग्राहक मंचाकडे जाता येते. शेतकऱ्याने पेरणीपूर्वी बियाण्याचा नमुना तपासणीसाठी राखून ठेवला नव्हता, एवढ्याच कारणाने त्याची तक्रार फेटाळता येत नाही, हेही न्यायालयाने सांगितले. ही तक्रार दोन वर्षांच्या आत करावी.

साहाय्य कोठे मिळेल?

वकिलाच्या खर्चास भिऊन हक्क सोडू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग व्यक्ती, तसेच ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही सल्ला विचारता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठाचे कामकाज कोल्हापुरात सुरू झाल्याने आता अपिलासाठी मुंबईची वाट धरण्याचे कारण उरलेले नाही.

परंतु सर्वांत स्वस्त साहाय्य तंट्यानंतरचे नसून सहीपूर्वीचे आहे. एकट्या शेतकऱ्याने कंपनीपुढे अटी मांडण्यापेक्षा गटाने अथवा शेतकरी उत्पादक संस्थेने एकत्र बसून त्या ठरविणे केव्हाही श्रेयस्कर. यंदाच्या हंगामात कोणताही करार हाती आला तर तो एक दिवस घरी आणावा, शांतपणे वाचावा, शंका लिहून काढाव्यात आणि मगच लेखणी हाती घ्यावी. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासतो, तद्वतच सहीपूर्वी करार तपासावा.