शब्दविचार : शुश्रूषागृह

आजारी माणसाची देखभाल जेथे होते, त्या जागेला आपण ‘शुश्रूषागृह’ म्हणतो. ‘शुश्रूषा’ हा तत्सम शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या संस्कृत धातूपासून सिद्ध झाला आहे. धातूला ‘सन्’ प्रत्यय लागला की त्याची द्विरुक्ती होते आणि इच्छेचा अर्थ येतो. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा, ‘पा’पासून पिपासा, तशी ‘श्रु’पासून शुश्रूषा. म्हणजेच मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. गुरुवचन ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवाही करी. त्यातून अर्थविस्तार होऊन ‘सेवा’ हा अर्थ आला. पुढे मराठीत अर्थसंकोच होऊन तो मुख्यतः रुग्णसेवेपुरता उरला.

‘सुश्रुषा’ हे लेखन अशुद्ध होय. ‘सुश्रुत’ या नावातही ‘श्रु’ धातू आहे. परंतु तेथील ‘सु’ हा उपसर्ग आहे, तर ‘शुश्रूषा’तील ‘शु’ द्विरुक्तीतून आला आहे.

आपल्यापैकी काहीजण घरच्या रुग्णाची शुश्रूषा सांभाळून हा घटक वाचत असतील. औषध वेळेवर देणे ही सेवाच आहे. पण उशाशी बसून रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे, हे या शब्दाच्या मुळाशी अधिक जवळचे आहे.

स्वाध्याय : ‘मुमुक्षा’ या शब्दातील धातू व मूळ अर्थ सांगा.