प्रोग्रामर नेमताना : प्रमाणपत्रापेक्षा काम पाहा

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरील जिते हे पेण तालुक्यातील गाव. याच तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. समजा, जित्यात आपले रंगाचे दुकान आहे, गिऱ्हाईक या कारखान्यांचे आहे आणि बिले व उधारी संगणकावर आणायची आहे. सुताराचा हात रंध्यावर कळतो, शिंप्याचा कातरीवर. प्रोग्रामरचा हात कसा ओळखावा? संगणक न शिकलेल्या मालकालाही तो ओळखता येतो.

१) सोपी परीक्षा : इमरान घोरी यांनी २००७ साली 'फिझबझ' ही परीक्षा मांडली. १ ते १०० आकडे छापायचे. ३ ने भाग जात असल्यास आकड्याऐवजी 'फिझ', ५ ने जात असल्यास 'बझ', दोन्हींनी जात असल्यास 'फिझबझ'. उमेदवाराला समोर बसवून हे लिहून घ्या आणि १५, ३०, ४५, ६०, ७५, ९० या जागा तपासा. तेथे नुसते 'फिझ' आले, तर त्याने पहिली अट पाहिली आणि तेथेच थांबला.

२) दुकानातील परीक्षा : हीच चूक बिलात पैसे खाते. समजा, घाऊक गिऱ्हाइकाला ५ टक्के सूट, रोखीला ३ टक्के आणि दोन्ही असल्यास ८ टक्के. २०,००० रुपयांच्या मालावर घाऊक व रोख गिऱ्हाइकाचे बिल १८,४०० यायला हवे. १९,००० आले, तर गिऱ्हाईक भांडेल किंवा मुकाट्याने दुसरे दुकान धरेल.

३) प्रश्नांची परीक्षा : जुन्या वहीची चार पाने पुढे ठेवा. माल परत आला तर काय, बिल दुरुस्त केले तर जुनी नोंद राहावी का, असे तो विचारतो का? न विचारता 'सगळे होईल' म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

४) बदलाची परीक्षा : तयार कामात सुटीचा दर बदलायला सांगा. एका ठिकाणी बदलून भागले तर काम नीटनेटके. दहा ठिकाणी हात घालावा लागला तर पुढे त्रास आहे.

परीक्षेसाठी दुकानाचे काम करून घेतले, तर त्याचा मेहनताना द्या. फुकटच्या कामावर कारागीर पारखू नये. नेमताना लेखी ठरवा की मूळ प्रोग्राम, पासवर्ड आणि हिशेबाची प्रत मालकाकडे राहील. नाहीतर माणूस सोडून गेला की दुकानाच्या किल्ल्याही त्याच्याबरोबर जातात.