सध्याचा पत्ता फिर्यादीत नको

डाकीण ठरवून पाड्याबाहेर काढलेल्या बाईची फिर्याद नोंदवली गेली की सोबत गेलेल्यांना वाटतं, सुटलो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात अशा बायांबरोबर मी पोलीस ठाण्यात बसत आलो आहे. खरी धास्ती फिर्यादीनंतरच असते.

एका मावशीला आम्ही शहाद्याकडे बहिणीच्या घरी ठेवलं होतं. जबाब घेताना अंमलदारांनी विचारलं, "सध्या कुठं राहता?" तिनं सरळ सांगितलं: गाव, गल्ली, मेहुण्याचं नाव. सगळं जसंच्या तसं फिर्यादीत उतरलं. थोड्याच दिवसांत तिला मारायला उठलेल्यांतलाच पुतण्या त्या दारात हजर! मोबाइलमध्ये पोलिसांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला एफआयआर. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. "काकी, केस मागं घे," एवढंच म्हणाला आणि ओट्यावर बसून राहिला. रात्रीच मावशीला तिथून हलवावं लागलं.

एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 7 सप्टेंबर 2016 चा आदेश आहे. जिथं नेटवर्कची बोंब, तिथं फार तर 72 तास. आरोपीला आपल्यावरचा आरोप कळावा हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच आहे. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. त्यात डाकीण प्रकरणांचा उल्लेख नाही, पण संवेदनशीलतेत खासगीपणाही येतो, असं त्याच निकालात म्हटलं आहे. एफआयआर संकेतस्थळावर न टाकण्याचा निर्णय उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी घेतो. म्हणून फिर्यादीच्या दिवशीच उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या.

फिर्यादीत मूळ गावचा पत्ता येऊ द्या. तो साऱ्या पाड्याला ठाऊकच असतो. सध्याचा ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला वेगळ्या बंद पाकिटात द्या आणि तो एफआयआरमध्ये घालू नये, अशी विनंती करा. लपवाछपवी मात्र नको. समन्स पोहोचलं पाहिजे. सही-अंगठ्याआधी जबाब वाचून दाखवणं कायद्यानं बंधनकारक आहे. बाई पावरी बोलणारी असेल तर तो तिला तिच्या बोलीत समजावून सांगा.

पुढे दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळते, म्हणजे तीच भीती पुन्हा. धोका मोठा असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. त्यावर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय देते. अर्ज कोणताही असो, पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.