आरंभीची शिल्लक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानाच्या अध्यापनाविषयी लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय मला हिशेबाच्या वहीतच सापडला. व्यापारी नव्या वर्षाची वही उघडतो, तेव्हा आधी मागील शिल्लक पुढे ओढतो. विज्ञानाच्या तासाला मात्र मुलाची शिल्लक पुष्कळदा शून्य धरली जाते.

मी आठवीत असताना ‘माठातील पाणी गार का होते?’ असा प्रश्न परीक्षेत आला होता. मी लिहिले, ‘माती मुळात थंड असते. शिवाय माठ पाझरतो व बाहेरून ओला राहतो.’ उत्तरावर तांबडी रेघ आली, कारण त्यात ‘बाष्पीभवन’ हा शब्द नव्हता. विज्ञान आपल्यासाठी नव्हे, असे मी त्याच दिवशी ठरवून टाकले.

आज वाटते, ते उत्तर अर्धे चूक व अर्धे बरोबर होते. चूक अर्धे तपासता येते. माठाला बाहेरून तेलरंग द्यावा. माती तीच राहते, पण पाणी पूर्वीसारखे गार होत नाही. दुसऱ्या अर्ध्यात खरे कारण दडले होते. पाझरलेले पाणी हवेत उडून जाताना दर ग्रॅममागे सुमारे 580 कॅलरी उष्णता घेते आणि ती बरीचशी माठातूनच जाते. आमच्या गुंजीला पावसाळ्यात माठ फारसा गार करीत नाही, हे माझ्या आजीलाही ठाऊक होते. ‘असे का?’ एवढेच कोणी मला विचारले असते, तर ओल्या हवेत पाणी उडत नाही, इथवर मी आपोआप पोचलो असतो. मग ‘बाष्पीभवन’ हे त्याचे नुसते नाव उरले असते. माझ्या कन्नड माध्यमातील मित्राला वाफेचा ‘आवि’ हा घरचाच शब्द धड्यात भेटला. मला तेवढेही भाग्य नव्हते.

विद्यार्थ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, याला शिकण्यात सर्वांत अधिक महत्त्व आहे, असे मत डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली मांडले. आपल्याकडे मध्य प्रदेशात 1972 साली 16 शाळांतून होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तेथे मुले गटागटाने प्रयोग करीत, वाद घालीत आणि निष्कर्ष स्वतः काढीत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्यासही मुभा असे. पाठांतर नव्हे, तर विचार तपासला जाई. 2002 साली तो कार्यक्रम शासनाने बंद केला. त्यातील विचार मात्र बंद पडण्यासारखा नाही.

यंदा माझ्या धाकट्या बहिणीला तोच धडा आहे. मी पुस्तक मिटून तिला आधी विचारले, ‘तुला काय वाटते?’ ती म्हणाली, ‘माठाला घाम येतो.’ मी रेघ मारली नाही. ‘घाम वाळताना अंगाला कसे वाटते?’ एवढेच विचारले. पुढचे तिने सांगितले.

मागील शिल्लकेत काही येणी बुडीत निघतीलही. पण ती बुडीत ठरवायची तरी आधी वहीत लिहावी लागतात.